घराला जीपची सेटिंग

आमच्या घरात तीन रेडिओ आहेत आणि तिघांपैकी एकही माझं ऐकत नाही.

हे गाणी-बातम्यांचे रेडिओ नव्हेत बरं का! हे हौशी रेडिओवाल्यांचे. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, स्वतःचं संकेतनाव मिळवायचं आणि दूरच्या अनोळखी माणसाला हवेतून विचारायचं, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" असा हा छंद. (हेच फोनवर फुकट होतं, असं आमची आई म्हणते. तिला छंद कळत नाही.)

मी अलिबागजवळच्या गावात शाळेत विज्ञान शिकवतो. माझा एक संच घरी गच्चीवरच्या खोलीत, दुसरा जीपमध्ये, तिसरा माणगावला बहिणीच्या घरी, टेकडीवर. तिन्ही एकाच लॅपटॉपवरून चालतात; जिथं जाईन तिथं तो संचाला जोडायचा. माइकचा आवाज किती, अँटेना कुठल्या दिशेला, सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलंय. आपण फक्त 'घर', 'जीप' किंवा 'माणगाव' यावर टिचकी मारायची. माझी बायको मंदा हिच्याकडेही परवाना आहे. ती परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाली. मी दुसऱ्या. (माझ्या वेळी पेपर अवघड होता.)

तर वादळात मोबाइल बंद पडले तर किनाऱ्यावर निरोप कसे पोचवायचे, याची रंगीत तालीम ठरली. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतचे आमचे सगळे रेडिओवाले त्यात, आणि मुख्य केंद्र मी! अलिबागच्या एका कार्यालयात साहेब लोक ऐकत बसणार होते. तालीम जमली तर खऱ्या वादळात आम्हाला बोलावणार, नाहीतर 'छंद घरीच करा' म्हणणार. वर्षानुवर्षं आम्ही या संधीची वाट पाहत होतो.

आदल्या दिवशी मला सुधारणा सुचली. सुधारणा सुचणं हा माझा जुना आजार आहे. एरवी बोलताना माइकचं बटण दाबून धरावं लागतं. जीपमध्ये स्टिअरिंग सोडून ते दाबता येत नाही, म्हणून तिथं खास सोय होती : आपण बोललो की रेडिओ आपोआप आवाज पाठवायला लागतो. म्हटलं, एवढी अफलातून सोय एकट्या जीपलाच का? मी जीपची सेटिंग उचलली आणि 'घर'वर चिकटवली.

"अहो, चालतंय ना नीट? मग हात कशाला लावता?" मंदा म्हणाली.

"मंदा, असं म्हणून विज्ञान पुढे गेलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवर, टेबलफॅन अंगावर घेऊन माइकसमोर बसलो आणि दणदणीत भाषण ठोकलं. "मुख्य केंद्राच्या परवानगीशिवाय कुणीही बोलणार नाही! मोबाइलला कुणीही हात लावणार नाही! आता एकेकानं हजेरी द्यावी!"

शांतता. कुणी ब्र काढेना!

मंदा चहा घेऊन वर आली. "बघ," मी म्हटलं, "काय ही शिस्त!"

"शिस्त आहे की बंद पडलंय?"

"अगं, दरारा आहे माझा! नाहीतर हा मांडव्याचा ठाकूर गप्प बसणाऱ्यातला आहे का? अँटेना कुठली आणि कपडे वाळत घालायची तार कुठली, एवढंही ज्याला कळत नाही..."

"हळू बोला. आणि अंगात शर्ट घाला. साहेब लोक आहेत पलीकडे."

"साहेबांना काय दिसतंय? ते एसीत डुलक्या काढत असतील!"

एवढ्यात माझा मोबाइल वाजला. ठाकूर!

"सर, नियम मोडतोय, माफ करा. पण आज ऊन चांगलं हाय. अँटेनेवर कपडे टाकू का वाळत?"

माझ्या हातातला चहा बनियनवर. "तुला... तुला कसं कळलं?"

"मलाच न्हाय सर, आख्ख्या किनाऱ्याला कळलं! साहेबपण जागे हायत!"

मग डोक्यात प्रकाश पडला. जीपच्या सेटिंगमुळे रेडिओला टेबलफॅनची घरघर म्हणजे माझंच बोलणं वाटत होतं! (आवाजात साम्य आहे, असं मंदाचं मत.) तो अखंड पाठवत होता, आणि पाठवताना रेडिओ बहिरा असतो. म्हणून ती शिस्त!

घाबरून मी लॅपटॉपवर दिसेल तिथं टिचकी मारली. ती बसली 'माणगाव'वर. आता आमच्या गच्चीवरची अँटेना स्वतःला माणगावच्या टेकडीवर समजून अलिबागच्या दिशेनं वळायला लागली. आणि तिच्या खांबाला आईनं सकाळीच बोंबलांची दोरी बांधलेली!

"आरं पोरा!" आई गच्चीवरून ओरडली. "माजं बोंबील चाललं! धर! धर!"

ती आपोआपची सोय अजून चालूच होती, त्यामुळे हेही हवेत गेलं. (आईकडे परवाना नाही.)

मी बोंबलांच्या मागे धावलो. मंदानं मात्र शांतपणे पंखा बंद केला, रेडिओचं ते आपोआपचं बटण दाबून टाकलं, सॉफ्टवेअरमधून अँटेना जागेवर आणली आणि माइक घेतला. स्वतःचं संकेतनाव सांगितलं. "सर्व केंद्रांनी एकेक करून हजेरी द्यावी."

पटापट हजेऱ्या आल्या. श्रीवर्धनचा आवाज मांडव्याला पोचेना, तर मंदा मध्ये उभी राहून एकेक शब्द पुढे देत होती. औषधं हवीत, होडी परत आली नाही, रस्ता बंद आहे. एकही निरोप चुकला नाही. गच्चीवर बोंबील सोडवता सोडवता मी खिडकीतून ऐकत होतो. हात थांबले होते.

"ह्यी आपली मंदा बोलतेय?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं आणि खिडकी आणखी उघडली.

शेवटी साहेब बोलले, "मुख्य केंद्र, फार छान. सुरुवातीचा गोंधळ मुद्दाम घडवून आणला होतात का? अगदी खरा वाटला."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. चहा सांडलेली बनियन, खांद्यावर बोंबील.

"हो साहेब. सरांनी खास तयारी केली होती."

पुढे अलिबागला मोठा कार्यक्रम झाला. शाल-श्रीफळ मंदाला. मी पहिल्या रांगेत, उभा राहून, तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकाचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो मोठ्या मनानं म्हणाला, "आणि हे मॅडमचे मिस्टर. हेसुद्धा रेडिओवर बोलतात!"

मी अभिमानानं हात जोडले, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "व्हय व्हय, आम्ही आईकलंय!"