नावाशेजारची तीट

"खा. समद्याइच्या देखत खा. काय घातलंस त्याच्यात ते आमाला कळू दे."

मी फरशीवर बसले होते. पुढ्यात केक, पुठ्ठ्यासकट. वसमतच्या बेकरीत, काउंटरच्या पुढं, जिथं गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी. केक माझ्याच हातचा. पांढरी क्रीम, कडेनं गुलाबी शिंपले, मधोमध निळ्या अक्षरात लेकराचं नाव. नावाशेजारी कोकोचा एक काळा ठिपका. मोहरीएवढा. त्या ठिपक्यापायी मला खाली बसवलं होतं.

बसवणारी बाई मोठ्या घरची. गावाकडं हळदीचा मळा. तिच्या नातवाचा पहिला वाढदिवस त्याच दिवशी, संध्याकाळी होता.

मी घास घेतला. हातानंच. चमचा कोणी दिला नाही.

"कडंकडंचं काय खाती? काळ्याजवळचं खा."

खाल्लं. लेकराचं नाव मोडलं. क्रीम घशात अडकली. पाणी मागायची हिंमत नव्हती.

दुकानात चार-पाच माणसं. खारीचे पुडे हातात धरून उभी. एकजण म्हणाला, "अरे, हॅपी बड्डे तरी म्हणा रे मावशीला." दुसऱ्यानं टाळी वाजवली. बाकीचे हसले. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, झालं आता." पण तोही बघत उभा राहिला.

आणि शेठ. बेकरीचा मालक. तो हात जोडून म्हणत होता, "वहिनीसाहेब, माफ करा. ही आमच्याकडं भांडे घासायला असते. उस्ताद आज सुट्टीवर आहेत. हिचा चुकून हात लागला."

चुकून. उस्ताद बेकरी सोडून गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात त्या दुकानातून गेलेला एकूण एक केक माझ्या हातचा होता.

हे दोन हजार साल उजाडायच्या जरा आधीचं. आता नीट सांगते, नाहीतर कोणी म्हणेल बाई रागात काहीही लिहिते. रागात तर आहेच.

नवरा वारल्यावर मी गाव सोडून वसमतला बहिणीजवळ आले. बेकरीत ट्रे घासायचं काम मिळालं. जळलेला डालडा ट्रेला धरून बसतो, तो काथ्यानं घासून काढायचा. बोटांची सालं निघत. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं.

केकवरची नक्षी उस्ताद करायचा. मोठ्या खिळ्याच्या टोपीवर कागद चिकटवून त्याच्यावर क्रीमची पाकळी चढवायचा, खिळा फिरवत फिरवत. बघता बघता गुलाब. माणूस अबोल होता, पण वाकडा नव्हता. त्याला उर्दू लिहिता यायचं, इंग्रजी हॅपी बर्थडे यायचं. मराठी यायचं नाही. चिठ्ठी बघून अक्षरं काढायचा. एकदा त्यानं श्रेयसचा शेरयस केला. गिऱ्हाईक केक परत घेऊन आलं, शेठनं उस्तादला लोकांसमोर झापलं.

मी ट्रे घासत होते. म्हणलं, "उस्ताद, ते असं नसतं." टेबलावर मैदा सांडलेला होता, त्यात बोटानं 'श्रे' काढून दाखवला.

"मौसी, लिखना आता है?"

"चौथीपर्यंत."

"तो इधर आओ. हाथ धो के."

माझी चौथी कशी ते पण सांगते. शाळेत आम्हाला दाराजवळ बसवत. अक्षर वर्गात माझंच वळणदार. गुरुजी माझी पाटी हातात घेत नसत. लांबून बघत, "बरं आहे," म्हणत. एवढं शिक्षण. पण त्या अक्षरावर मी केकपर्यंत पोचले.

शिकायला वर्ष गेलं. ट्रे पालथा घालायचा, त्याच्यावर लिहायचं, सुरीनं खरवडायचं, क्रीम परत पिशवीत भरायची, परत लिहायचं. माझा हात खुरप्याचा. दाब जास्त पडायचा, अक्षर फुगायचं. उस्ताद म्हणायचा, "हलका हाथ, मौसी. क्रीम है, गारा नहीं." घरी दुधाच्या पिशवीचं टोक कापून पातळ कणीक भरायची आणि थंड तव्यावर लिहायची. बहीण म्हणायची, "भाकरीला पीठ न्हाई अन् तू तव्यावर पाटी गिरवून राहिली." उन्हाळ्यात क्रीम धरत नाही, ढासळते. पातेल्याखाली बर्फ ठेवायचा आणि तो वितळायच्या आत नक्षी संपवायची. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी पाठ केली. हॅपीचं पहिलं अक्षर म्हणजे दोन खांब आणि मधी एक आडवं लाकूड. आजही मला ती वाचता येत नाहीत. काढता येतात.

उस्ताद हैदराबादला आपल्या घरी कायमचा गेला. जाताना शेठला म्हणाला, "मौसी संभाल लेगी."

मी सांभाळलं. त्याच आठवड्यात शेठनं काउंटर आणि मागची खोली यांच्यामधी पडदा लावला.

"केक कोण करतं हो?" लोक विचारायचे.

"उस्ताद. हैदराबादचा माणूस आहे."

मी पडद्यामागं ऐकायचे. मला तेव्हा त्यात काही वाटत नव्हतं. काम मिळतंय ना, एवढंच. ह्याचाच मला आता जास्त राग येतो.

तीट माझी. ती कोणी शिकवली नाही. पहिल्या वाढदिवसाचा केक पहिल्यांदा एकटीनं केला, नाव लिहिलं, आणि ते पांढऱ्यावर इतकं गोजिरं दिसलं की हात आपोआप कोकोकडं गेला. लेकराला न्हाऊ घातल्यावर हात काजळाकडं जातो, तसा. नावाशेजारी बारीक ठिपका. नजर लागू नये म्हणून. मग प्रत्येक लहान लेकराच्या केकवर देऊ लागले. लोकांना आवडलं. "उस्तादला आपली रीत बरी ठावी," म्हणायचे. काही बाया सांगूनच जायच्या, "तीट लावायला सांगा बरं का उस्तादला." शेठ हसून हो म्हणायचा.

तोच ठिपका. तोच हात.

त्या दिवशी शेठ जेवायला घरी गेला होता. मळेवाली बाई वेळेआधी आली. हाका मारू लागली. मी केक घेऊन पडद्याबाहेर आले. बोटाला निळी क्रीम तशीच.

केक बघून ती खूश झाली. "किती गोड काढलं नाव," म्हणाली. मग तिनं वर बघितलं.

"तू आमच्या मळ्यात खुरपायला येत व्हतीस ना? मांगवाड्यातली?"

"व्हय, मालकीणबाई."

"अन् हितं काय करती?"

"केक करते."

ती केकपासून एक पाऊल मागं सरकली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

"हे काळं काहून लावलं?"

"तीट हाय. लेकराला नजर लागू न्हाई म्हून."

"कुणाची नजर? तुहीच ना?" तिचा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं आत आली. "माह्या नातवाच्या नावाला काळं लावलं हिनं! करणी केली!"

कोणीतरी बोलवायला गेलं, शेठ घरून धावत आला. ती त्याला म्हणाली, "हे लोक चांद-सूर्याचं गिराण सुटल्यावर आमच्या दारात दान मागत फिरतात, अन् तुमी माह्या नातवाचं नाव हिच्या हातानं लिहून घेता? खाऊन दाखवू दे हिला. काही घातलं नसंल तर खाईल."

शेठ माझ्याकडं वळला. "खाऊन टाक, बाई. वाद नको."

आणि मी खाली बसले. कोणी ढकललं नाही. मी बसले. हे लपवणार नाही. चाळीस वर्षांची सवय होती, पाय आपोआप दुमडले.

बाईचं समाधान होईपर्यंत खाल्लं. जाताना ती शेठला म्हणाली, "संध्याकाळी दुसरा पाहिजे. उस्तादाच्या हातचा."

"हो, हो. उस्तादला बोलावून घेतो. घरी पाठवून देतो."

माणसं गेली. मी फरशी पुसली. शेठ हळू आवाजात म्हणाला, "चल, तोंड धू. चार वाजेपर्यंत दुसरा झाला पाहिजे. नाव तेच. तीट नको."

मी तोंड धुतलं. आत गेले. नवीन केक फिरत्या पाटावर ठेवला, क्रीम लावली, कडेनं शिंपले काढले. हात चालत होता. दाबा, उचला, ओढा. पिशवीत निळी क्रीम भरली. नावाचं पहिलं अक्षर काढलं.

आणि हात थांबला.

ही बाई संध्याकाळी हाच केक कापणार. पहिला घास नातवाला भरवणार. पाहुण्यांना सांगणार, हैदराबादच्या उस्तादाचा आहे. माझ्या हाताचं अन्न त्यांच्या घरात फिरणार आणि कोणी बाटणार नाही. मग मला फरशीवर कशाला बसवलं? बाटत नाही हे शेठला माहीत होतं. दीड वर्षापासून माहीत होतं. माझा हात त्याला पाहिजे होता. त्या हाताच्या मागं असलेली बाई नको होती. मळेवालीनं एकदा खाली बसवलं. ह्या माणसानं रोज बसवलं होतं, आणि मी पडद्यामागं खूश होते.

मी पडदा बाजूला केला.

"शेठ, हा केक कोणी केला म्हून सांगणार?"

"उस्तादनं. अजून काय?"

"मंग उस्तादला बोलवा."

"वेड लागलं का तुला? चार वाजता द्यायचा आहे."

"माह्या नावानं जात असंल तर करते. त्या बाईला सांगा, मघाशी जिला बसवलं तिनंच केला."

"असं कसं सांगता येईल?"

"मंग मला बी न्हाई जमत."

तो चिडला. मग नरम झाला. मग परत चिडला. "काय करशील घरी बसून? परत हळद खुरपशील?"

"व्हय."

"एवढी कला आहे तुझ्या हातात..."

"आता म्हणता. तवा म्हणायचं व्हतं."

काढलेलं अक्षर मी सुरीनं साफ खरवडलं. पिशवी पाण्यात टाकली, तिच्या टोकाची नक्षीची नळी धुऊन जागेवर ठेवली. मागच्या दाराकडं पाय वळले होते, ते फिरवले. काउंटरच्या समोरून, गिऱ्हाइकांच्या मधून, पुढच्या दारानं गेले.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडं काय कापलं, मला माहीत नाही.

शेठनं नंतर तीनदा निरोप पाठवला. मी एकच सांगितलं, पडदा काढा, मी पुढं काचेमागं बसून करीन, लोक बघतील. त्यानं पडदा काढला नाही. मी गेले नाही. वसमतच्या दुसऱ्या दुकानांनी मला घेतलं नाही. मळेवालीनं करणीची गोष्ट गावभर केली होती. सात वर्षं मी हळद खुरपली. शिजवली. वाळवली. सगळं आयुष्य पालटलं असं काही झालं नाही. हात पिवळे झाले आणि अक्षर काढायला क्रीम मिळाली नाही. त्याचं वाईट वाटतं. अजून वाटतं.

माफी कोणी मागितली नाही. आता मागू पण नये. मला ती घ्यायची नाही.

आता आमच्या वस्तीतल्या पोरी हिंगोलीला, वसमतला बेकऱ्यांत कामाला जातात. शिकायला माझ्याकडं येतात. मी पालथ्या ट्रेवर, पातळ कणीक भरून शिकवते. पण नळी हातात द्यायच्या आधी विचारते, तिथं तुला उभं कुठं करणार? मागं ठेवून दुसऱ्याचं नाव सांगणार असतील, तर त्या भट्टीला हात लावायचा नाही.

एक पोरगी म्हणाली, "आजी, मंग पोट कसं भरावं?"

म्हणलं, "मला ठावूक न्हाई. मी खुरपून भरलं. लई कठीण हाय. तरी न्हाई म्हणायचं."

लपून करायचं काम मी मरेपर्यंत करणार नाही आणि माझ्या हाताखालच्या एकाही पोरीला करू देणार नाही.

कोणी म्हणेल, ही ऐकीव गोष्ट आहे. ऐकीव नाही. त्या फरशीवर बसून तो केक मी खाल्ला. मांगाची, चौथी शिकलेली बाई. मी.