सहा इंच कमी

नेमबाजी क्लबात रायफली दुरुस्त करणारा मिस्त्री एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नसे, पण दर रविवारी थोरल्या बहिणीकडे निमूट जाई आणि नळ, मिक्सर, खिडकीची कडी, जे पुढ्यात येईल ते दुरुस्त करून येई. गेली बावीस वर्षं. बायको म्हणे, "एवढा तर नवा जावईसुद्धा वाकत नाही." हा मात्र पान्ह्यांची पिशवी उचलून चालू लागे.

कारण होतं सहा इंचांचं. बावीस वर्षांपूर्वी, ताईच्या नेमबाजीच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी, याच्या हातून तिची रायफल फरशीवर आपटली आणि नळीचं तोंड चेपलं. एक इंच कापून भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात तो. पहिला काप वाकडा गेला, तो सरळ करायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असं करता करता सहा इंच गेले. ताई एका गुणाने हरली. "नळी तोकडी केली, गोळी मंदावली," असं तिने तिथेच जाहीर केलं आणि सगळ्या नातेवाइकांत ते पक्कं झालं. मिस्त्रीलाही ते पटलं. नळी जितकी लांब, तितका वेळ गोळीला मागून रेटा मिळतो, हे त्यानेच शंभर जणांना शिकवलं होतं.

मग परवा क्लबात गोळीचा वेग मोजायचं यंत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीने कपाटातून ताईची रायफल काढली, शेजारी तशीच एक न कापलेली, सव्वीस इंची नळीची ठेवली, आणि एकाच खोक्यातल्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. लांब नळी: सेकंदाला तीनशे एकोणीस मीटर. कापलेली: तीनशे सत्तावीस. त्याने यंत्राला शिव्या घातल्या, खोकं बदललं, पुन्हा झाडल्या. कापलेलीच पुढे.

"यात नवल काय?" सेक्रेटरी घास चावत म्हणाला. "एवढ्याशा काडतुसात दारू ती किती? सोळा-सतरा इंचांत तिचा जोर सरतो. पुढे गोळी नुसती नळीला घासत जाते. मोठ्या काडतुसाचं वेगळं, तिथं लांब नळी कामाला येते."

मिस्त्री स्टुलावर बसला. बावीस वर्षांचे रविवार. त्याला आधी भयंकर संताप आला, आणि मग इतका आनंद झाला की तो जेवायचंच विसरला. सगळे आकडे त्याने कागदावर उतरवले. रविवारी पान्हे घरीच ठेवून निघाला, तेव्हा बायको कधी नव्हे ती दारापर्यंत सोडायला आली.

"पिशवी कुठंय?" ताईने दार उघडताच विचारलं.

"ताई, क्लबात वेग मोजायचं यंत्र आलंय. तुझी रायफल मोजली."

ताई फडकं हातात धरून खुर्चीवर बसली. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग ती हळूच म्हणाली, "खरं सांग. नळीच होती ना? का माझा हात हलला होता?"

मिस्त्रीची बोटं खिशातल्या कागदावर होती. ताई त्याला इतकी वर्षं धारेवर का धरत होती, ते त्याला आत्ता कळलं.

"नळीच, ताई," तो म्हणाला. "सेकंदाला आठ मीटर कमी."

ताईने मोठा श्वास सोडला. "मी म्हणतच होते." ती उठली, पदर खोचला. "पंखा खडखडतोय. पान्हे नाही आणलेस तर जाऊन घेऊन ये."

जिना उतरताना मिस्त्रीने कागदाचे बारीक बारीक तुकडे केले. वर ताई शेजारणीला दारातूनच सांगत होती, "माझा हात नव्हताच हो चुकला. मशीनने सांगितलं."