सगळे मावतील असा कॅमेरा

सत्यवान भिंगारदिवे याने अठरा वर्षांत शंभरावर मयतांचे फोटो काढले आणि त्यांतल्या एकानेही कधी तक्रार केली नाही. तक्रारी केल्या त्या कडेला उभ्या राहिलेल्या जिवंत माणसांनी.

पुणतांब्याच्या अलीकडे, कालव्याला लागून असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं साठ-सत्तर. कुणी वारलं की देवळात उपासना होते आणि मग पेटी देवळाच्या दारासमोर आणतात. पायाची बाजू अंगणाकडे, उशाची बाजू स्टुलावर टेकवून जरा उंच, म्हणजे चेहरा दिसतो. मागे अर्धगोल करून सगळं घर उभं राहतं. मधोमध, उशाशी, नवरा किंवा बायको, जे मागे उरलं असेल ते. त्यांच्या दोन्ही बाजूंना मुलगे, सुना, भाऊबंद. लग्न होऊन गेलेल्या लेकी अगदी कडेला, कारण त्या लांबून येतात आणि शेवटी पोचतात. मग एक फोटो. एकच. दुसरा काढला तर घरातून दुसरी पेटी निघते असं देवळाची मंडळी मानते. बायबलात असं कुठंही नाही, हे पाळकसाहेब दरवेळी बजावतात आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला की झाकण लावायची खूण स्वतःच करतात.

अडचण होती भिंतीची. देवळासमोर चौदा फुटांवर पंचकमिटीने शेळ्या येऊ नयेत म्हणून भिंत घातली होती. शेळ्या फाटकातून येत राहिल्या. सत्यवानला मात्र भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. भिंतीवर चढून बघितलं होतं त्याने एकदा. पण वरून काढलं की मयत खड्ड्यात असल्यासारखं दिसतं, आणि घरच्यांना ते अर्धा तास आधीच बघायचं नसतं.

त्यात त्याचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. लेन्समधून जेवढं आत येईल त्यातलं मधलं ठेवायचं आणि कडेचं सोडून द्यायचं, हा त्या कॅमेऱ्याचा स्वभाव. त्यामुळे दर फोटोत दोन्हीकडची दोन-दोन माणसं जायची, आणि ती बहुतेक लेकीच असायच्या. बापाच्या मातीला गळा काढून रडलेल्या कितीतरी बाया त्या पंचक्रोशीत होत्या, ज्यांच्याकडे तसा काही पुरावा नव्हता.

त्यांतली एक सत्यवानची बायको, कृपा. अकरा वर्षांपूर्वी त्याचे सासरे गेले तेव्हा फोटो सत्यवाननेच काढला, आणि त्यात कृपाचं फक्त उजवं कोपर आलं. फोटो मोठा करून कृपाच्या भावाच्या घरी लावलेला आहे. कृपा माहेरी गेली की त्याच्यासमोर उभी राहायची.

"माझ्या बापाच्या फोटोत मी कुठंय?"

"ही काय," सत्यवान म्हणायचा.

"हे कोपर हाय."

"चांगलं आलंय पण. हलल्यालं न्हाई."

कृपा अंगणवाडीत शिकवायची. पोरांना डोळे, नाक, कान शिकवताना कोपराचा धडा आला की तिला हसू आवरायचं नाही. बाकी तिने या गोष्टीचं कधी भांडण केलं नाही. भांडली असती तर सत्यवानला बरं पडलं असतं.

पुढे तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झाला, आणि त्याच वर्षी सत्यवानच्या डोक्यात फुल फ्रेम कॅमेरा बसला. धंद्याला लागतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. लग्नाच्या ऑर्डरीतून तो पैसे बाजूला टाकत राहिला, दोन लगीनसराया गेल्या, आणि मग एक दिवस नगरला जाऊन तो दुकानात उभा राहिला.

दुकानदार प्रामाणिक निघाला, ही आणखी एक अडचण. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या जुन्यालाच रुंद लेन्स लावा ना. कडेचे सगळे येतील. एवढा मोठा कॅमेरा कशाला?"

"फुल फ्रेममधी सगळं येतं ना?"

"येतं. जुन्या रोलची पट्टी होती ना, तेवढा सेन्सर असतो. पण यालाबी रुंद लेन्स लागणारच. तुमची जुनी चालायची नाही."

"मग दोन्ही द्या."

म्हणजे रोलच्या जमान्यात सगळे मावत होते असं गावातली म्हातारी माणसं सांगायची, ते खरंच होतं. सत्यवान इतकी वर्षं ते म्हातारपणावर ढकलत आला होता. दुकानदाराचं म्हणणंही बरोबर होतं. नुसत्या लेन्सने काम झालं असतं. पण अकरा वर्षांचं कोपर डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला नुसतं काम झालेलं पुरत नाही.

नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो आक्काबाईचा. नव्वदीची म्हातारी, चौतीस माणसांचं घर. सत्यवान भिंतीला टेकला, डोळा लावला, आणि चौतीसच्या चौतीस आत होते. दोन्हीकडे हातभर जागा उरली होती. त्याने प्रिंट वाटले तेव्हा कुणी शाबासकी दिली नाही. आक्काबाईचा थोरला म्हणाला, "एवढ्या लांबून का काढला रे? तोंडं बारीक आली." कृपाने मात्र एक प्रिंट मागून घेतला, पलंगावर बसून कडेपासून कडेपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "सगळ्या लेकी हायेत."

एवढंच म्हणाली. त्या दिवशी सत्यवानने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा एकट्यानेच प्यायला, कारण तिला पाणी मोजून होतं.

डिसेंबरात त्यांची एकुलती मुलगी जेनिफर नर्सिंग कॉलेजातून सुट्टीला आली. मंगळवारी दवाखान्यातून परतताना तिघं जीपसाठी रसवंतीपाशी थांबली. कृपाने बापलेकीला दोन ग्लास घ्यायला लावले आणि त्यांनी ते प्यावेत म्हणून समोर बसून राहिली.

"एक सांगते," ती म्हणाली. "माझ्या येळंला तुमी कॅमेरा धरायचा न्हाई."

"काहीबी काय बोलतीस."

"गोरक्षला बोलवायचं. तुमी उशाशी उभं राहायचं."

गोरक्ष शेजारच्या गावचा फोटोग्राफर. सत्यवानचा दोस्त आणि लग्नसराईपुरता दुश्मन.

"त्याला आपल्या देवळाचा उजेड ठाव न्हाई," सत्यवान म्हणाला.

"बघ जेनी. आमच्या लग्नातबी असंच. हार घातल्यापासून फोटोग्राफरला सांगत हुते, लाइट हितं धर, तितं धर. आल्बममधी एकाबी फोटोत ह्यांचं तोंड माझ्याकडं न्हाई."

"चुकीचं धरीत हुता त्यो."

"धरू द्या की. गोरक्षलाबी चुकू द्या. माझं डोकं कापू द्या, पाय कापू द्या. पण मधली जागा तुमची हाय, तितं तुमी पायजे."

जेनिफर ग्लासात बघत राहिली. सत्यवान म्हणाला, "ऱ्हाईन."

"जेनी, ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई."

जीप आली. पुढच्या सीटवर कृपाला बसवलं.

जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी डायलिसिसच्या खुर्चीतच तिचा रक्तदाब पडला आणि वर आला नाही. शनिवारी सकाळी अकराला माती ठरली.

सत्यवानने सगळं नीट केलं. गोरक्षला स्वतः फोन केला. गोरक्ष आपला कॅमेरा घेऊन आला. तो क्रॉप सेन्सरचाच. सत्यवानने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि घरातून आपला आणून त्याच्या हातात दिला. "बॅटरी फुल हाय. लेन्सला हात लावू नको. भिंतीला टेकून उभा ऱ्हा, बास." मग उपासना झाली, पेटी बाहेर आली, उशाखाली स्टूल गेलं आणि सत्यवान जाऊन मधल्या जागी उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कृपानेच घेतलेला. जेनिफर त्याच्या डाव्या हाताला.

गडबड झाली ती सवयीने. इतक्या वर्षांत ते गाव एक गोष्ट पक्की शिकलं होतं की कडेला उभं राहिलं की कापलं जातं. कृपाच्या बहिणी, भाच्या, चुलत्यांच्या सुना, सगळ्या मधे रेटायला लागल्या. आता कुणी कापलं जाणार नाही हे त्यांना सांगूनही पटत नव्हतं. माणसांवर माणसं चढली.

"मोकळं उभं ऱ्हावा," सत्यवान पेटीमागून म्हणाला. "सगळी येत्यात."

कुणी हललं नाही.

गोरक्षने डोळा लावला, काढला, परत लावला. "भाऊ, ह्यात लई लांब दिसतंय. कड कुठं धरू, कळंना मला."

"धर कुठंबी."

"मागची तोंडं झाकल्यात. एकदा बघून जाता का?"

सत्यवानने जेनिफरकडे बघितलं. "एक मिनिट," तो म्हणाला आणि गेला. खरोखर एका मिनिटासाठीच गेला, याबद्दल पुढे कुणीही शंका घेतली नाही.

त्याने कॅमेरा घेतला आणि भिंतीला पाठ लावली. डोळा आत गेला तसा श्वास जागेवर आला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. "मावशी, डावीकडं सरका. अजून. जॉय, तू दोन पावलं मागं." जॉय म्हणजे कृपाचा भाऊ. माणसं आता सरकली, कारण कॅमेऱ्यामागून येणाऱ्या सत्यवानच्या आवाजाला सरकायची त्यांना सवय होती. एकेक तोंड सुटं झालं. ऊन देवळाच्या पायरीवरून पेटीत आलं होतं आणि कृपाचा चेहरा डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्वच्छ उजळला होता. आतून बघताना तो एक चेहरा होता, ज्यावर उजेड बरोबर पडला होता. कॅमेरा खाली घेतला की ती मेलेली असणार होती.

म्हणून तो आणखी जरा बघत राहिला.

आणि तेवढ्यात सगळ्यांचे डोळे उघडे आले. हा क्षण शंभरात एकदा येतो. चाळीस माणसांत कुणीतरी नाक पुसत असतं, कुणी खाली बघतं, पोर तोंड फिरवतं. आत्ता कुणीच नाही. जेनिफरचंही रडणं अर्ध्या श्वासापुरतं थांबलं होतं. असं झालं की दाबायचं असतं, विचार करायचा नसतो. अठरा वर्षं त्याच्या बोटाला दुसरं काही माहीत नव्हतं.

दाबलं.

आवाज झाला तसं पाळकसाहेबांनी खूण केली. दोघांनी झाकण उचललं. गोरक्ष हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमी?" सत्यवान हातातल्या स्क्रीनकडे बघत होता. फोटो नीट आला होता. दुसरा काढा असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर चाळीस माणसांनी जेनिफरकडे बघितलं असतं, कारण घरात त्याच्याशिवाय आता तीच उरली होती. झाकण बसलं.

आठ दिवसांनी त्याने प्रिंट काढले. नातेवाईक घरी येऊन आपापला घेऊन गेले. जॉय फोटो उन्हाकडे धरून म्हणाला, "दाजी, आजवरचा सगळ्यात भारी हाय हा." नंतर म्हणाला, "तुमी कुठं हायेत?"

"मी काढीत हुतो."

हे उत्तर त्याने त्या दिवशी पंधरा-सोळा वेळा दिलं. लोक मान हलवायचे. फोटोग्राफरचा धंदा, चालायचंच. गोरक्ष म्हणाला की त्या शर्टातला तुमचा दुसरा एखादा फोटो द्या, कॉम्प्युटरवर असा बसवतो की कुणाला कळणार नाही. सत्यवान नको म्हणाला. त्याला कळलं असतं.

जेनिफर कॉलेजला परत जायच्या आदल्या दुपारी तिने स्वतःहून फोटो मागितला. खाटेवर बसून मांडीवर धरला. चाळीस माणसं, एकही कापलेलं नाही, कडेच्या मावशांच्या साडीचे काठसुद्धा मोजता येतील असे. मधोमध आईच्या उशाशी देवळाच्या दाराची हिरवी फळी दिसत होती, वरून खालपर्यंत.

"केवढी जागा सुटलीय पप्पा," ती म्हणाली. "दोन माणसं उभी राहिली असती."

सत्यवान तिची बॅग बांधत होता. "लेन्समुळं तसं दिसतं," तो म्हणाला.

रुंद लेन्समध्ये माणसं ताणली जातात, अंतरं फाकतात, हे खरं आहे. पण ते कडेला होतं. मधे जेवढं असतं तेवढंच दिसतं, आणि फोटोग्राफरच्या मुलीला एवढं माहीत असतं. फोटो तिने खाटेवरच ठेवला, उलटा नाही, सुलटाच, आणि बॅगेची दुसरी बाजू धरायला उठली.