गाडीला ओरडू दे

जळक्या ब्रेक लायनरचा वास आला की मला सासूबाई आठवतात. नव्या ट्रकमध्ये कांदा भरून आम्ही पेठचा घाट उतरत होतो. नवरा चालवत होता, मधे मी, खिडकीशी त्या. पायाखालच्या ब्रेकवर सगळा भार नको म्हणून नवऱ्याने खालचा गिअर टाकून इंजिन ब्रेक लावला, तशी गाडी घुमायला लागली. सकाळीच तिला हळदकुंकू वाहिलेल्या सासूबाई कळवळल्या. “लय ओरडतीये रे बिचारी. उतारच हाय, सोड की मोकळी.” आईचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने न्यूट्रल केलं. गाडी शांत झाली, सासूबाई खूश झाल्या, आणि पुढच्या वळणांवर ब्रेक दाबून दाबून चाकांतून धूर निघाला. मग ब्रेक लागेचना. घामाघूम नवऱ्याने कसाबसा गिअर ठोकला, पुन्हा इंजिन ब्रेक लावला, आणि गाडी बोंबलत बोंबलत हळू झाली. सासूबाईंनी डोळे उघडून डॅशबोर्डवरून हात फिरवला. “ओरड बाई, पोटभर ओरड.” त्यानंतर मी नवऱ्यावर कितीही आवाज चढवला तरी त्यांनी मला कधी गप्प केलं नाही. आता सून तडकली की मुलगा आशेने माझ्याकडे बघतो. मी चहा ओतत म्हणते, “ओरडू दे तिला, तू उतारावर आहेस.”