सातवा मुद्दा

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवू लागले. शिकवणं हा शब्द उगाच वापरला. मुद्दे काढून द्यायचं काम होतं ते. ‘महायुद्धांचे राष्ट्रांच्या जागतिक सत्तेवरील दीर्घकालीन परिणाम’ या हमखास येणाऱ्या प्रश्नाचं नमुना उत्तर माझंच आहे. दोन महायुद्धं जिंकून ब्रिटन कर्जात बुडाला, वसाहती सांभाळायची ताकद उरली नाही, आरमाराचा दरारा गेला. अमेरिकेचे कारखाने शाबूत राहिले आणि डॉलर जगाच्या मानगुटीवर बसला. हरलेले जर्मनी-जपान उद्योगांच्या जोरावर पुन्हा वर आले. असे सहा मुद्दे. सातवा, मनुष्यहानी. त्याच्यापुढे कंसात मी माझ्या हाताने लिहिलंय : वेळ कमी असल्यास वगळावा.

ती ओळ आठवली की मला आजही स्वतःची शिसारी येते. खाली चहाच्या टपरीवर पोरं मोबाइलवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ बघत, ‘आपण आता महासत्ता’ म्हणत एकमेकांना टाळ्या द्यायची. त्यांचाही वीट यायचा, पण त्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवणार?

वर्गात खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातली एक बाई यायची. तिशी केव्हाच ओलांडलेली, पहिल्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची परीक्षा, एवढंच मला माहीत होतं. सराव परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. पेपरला तीन मिनिटं या वेगाने मी गठ्ठा उपसत होते. तिचे सहा मुद्दे चार ओळींत उरकलेले आणि सातवा चांगला पाऊण पान. मी लाल पेनने आडवी रेघ मारली, ‘विषयांतर’ लिहिलं, दहापैकी चार दिले आणि पुढचा पेपर घेतला. मग, एवढं लिहिलंय तरी काय, म्हणून मागे आले.

‘लढाईनंतर देश मोठा झाला की लहान, हे घरात कळत नाही,’ असं तिने लिहिलं होतं. ‘घरात काळी लोखंडी पेटी येते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर असतो. आत दोन युनिफॉर्म, दाढीचं सामान आणि मुलीसाठी घेतलेले बूट असतात. ते तिला तेव्हाच लहान होतात.’

त्यावरून माझी लाल रेघ गेली होती.

मी तो पेपर घेऊन क्लासच्या संचालकांकडे गेले. कंसातली ओळ क्लासच्या नोट्सच्या पुढच्या आवृत्तीत काढा म्हटलं. ते डबा खात होते. "अहो मॅडम, परीक्षकाला रडवून पोस्ट मिळते का? तिचं भलं करायचंय ना आपल्याला?" असं म्हणून त्यांनी पोळीने भाजीचा रस्सा पुसून घेतला. माणूस बरोबर बोलत होता आणि मला ते पटत होतं.

पेपर वाटले आणि दोन दिवसांनी ती स्टाफरूममध्ये आली. मी माफीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिने बोलूच दिलं नाही, वहीतून एक कागद काढून पुढे धरला.

"मॅडम, तुम्ही लिहिलं ते बराबर हाय. परत लिहून आणलंय. बघता का?"

बघितलं. सहाही मुद्दे ठसठशीत, ब्रिटनचं कर्ज, डॉलर, सगळं जागच्या जागी. सातव्याला एकच ओळ : मोठ्या प्रमाणावर मनुष्यहानी झाली.

"ही बी गाळली तर चालंल ना? तेवढाच टाइम वाचंल."

ती पेन उघडून उभी होती. तिला नोकरी हवी होती, मुलीला शिकवायचं होतं. मी "चालेल" म्हणाले. तिने पट्टी लावून ती ओळ नीट खोडली.

मी दहापैकी आठ दिले.