दोन फेऱ्या माझ्या, बाकीच्या अण्णांच्या

समस्त आप्तेष्टांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बसवनगुडीत राहणाऱ्या, विमा कचेरीत फायली सरकवणाऱ्या आणि रिकामा रस्ता ओलांडतानाही दोनदा दोन्हीकडे बघणाऱ्या एका सज्जन गृहस्थाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मोटार पळवण्याचे ठरवले आहे. कोणीही घाबरून जाऊ नये.

हे निवेदन मी नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी, हातात साराचा डाव धरून, घरच्यांपुढे उभ्याने केलं. घाबरलं कुणीच नाही. बायको म्हणाली, "आधी बसा. भात गार होतोय."

मोटार माझ्या मामांची. मामा गेले आणि वर्षभराने मामींनी आमच्या अंगणातल्या शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "विकू नकोस एवढंच. बाकी तुला काय नाच करायचा तो कर." इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. जमिनीला इतकी टेकलेली, की आधी आत बसायचं आणि मग आपले पाय एकेक करून गोळा करायचे. येलहंक्याच्या पलीकडे, देवनहळ्ळीच्या वाटेवर, फारशी वापरात नसलेली एक धावपट्टी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, काही हौशी मंडळी ती मागून घेणार होती. तेलाची रिकामी पिंपं ठेवून वळणं करायची, आणि प्रत्येक गाडीला वीस मिनिटं. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली गाडी, आपली हौस.

आता अण्णा. आमच्या मागच्या गल्लीतले मेकॅनिक, साठीला आलेले. आमच्यासारख्याच इथे कानडी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. आमचं दोघांचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरत. मामांची ती गाडी तीस वर्षं अण्णांनीच सांभाळली होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. पण गाडी चालवायचे मामा. अण्णा डावीकडे बसून ऐकायचे. हा मामांचा नियमच होता, आणि तो मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेडमधून अंगणात आणि अंगणातून शेडमध्ये, याच्यापुढे अण्णांनी ती गाडी कधी नेली नव्हती.

मी त्यांना धावपट्टीचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "करू या, तम्मा." मी त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. "सगळं करतो मी. पण मला एक पाहिजे. तिथं मला चालवायला देशील? स्वल्पच. ही चौथ्या गिअरमध्ये कशी ओरडते ते मी डावीकडून ऐकलंय. उजवीकडून ऐकायचंय एकदा."

मी नाटकातल्या राजासारखा हात वर केला. "अण्णा! दोन फेऱ्या माझ्या, बाकीच्या सगळ्या तुमच्या! दिला शब्द!"

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले, आणि बॉनेट उघडलं.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. रोज संध्याकाळी अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन यायचे आणि मी कचेरीतून पळत यायचो. आधी वजन उतरवलं. बंपर काढले, स्टेपनी काढली, गालिचा काढला, पितळी हॉर्न काढले. माझंही थोडं उतरवावं अशी सूचना घरातून आली, ती मी फेटाळली. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, फुटल्या तर काचा धावपट्टीवर विखरू नयेत म्हणून. तेलाच्या बुचाला बारीक भोक पाडून तार बांधली, हादऱ्यांनी निसटू नये म्हणून. ब्रेकना नवे पट्टे, नवं तेल. उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे जाड पाइपाची कमान जोडली. तिच्यावर मामींनी दोन दिवस टॉवेल वाळत घातले.

कार्बुरेटर दोन होते. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. अण्णा रबरी नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं आळीपाळीने एकेका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचे. "डावा जास्त श्वास घेतोय," म्हणायचे, आणि स्क्रू केसभर फिरवायचे. मग नळी माझ्या कानात. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. मी मात्र गंभीर मान हलवून "अगदी, अगदी" म्हणायचो. अण्णांना ते कळायचं. "तुझे मामा पण असंच अगदी-अगदी करायचे," म्हणायचे.

शेवटचं काम हेड गॅस्केटचं. इंजिनाचं वरचं झाकण आणि खालचा भाग यांच्या मधलं ते पातळ पान. ते नवं घातलं की गाडी एकदा तापवायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग झाकणाचे नट परत आवळायचे, नाहीतर ते पान जळतं. गुरुवारी अण्णांनी गाडी तापवली आणि बंद केली. शुक्रवारी आयुधपूजा. त्या दिवशी आमच्या गावात सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून देवापुढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत कुणी पाना उचलत नाही.

"शनिवारी दुपारी येऊन आवळतो," अण्णा म्हणाले. "तोवर हिला हात नको."

"छे! हात कशाला?" मी म्हणालो.

शुक्रवारी गाडीची पूजा झाली. जाळीवर झेंडूची हाताएवढी जाड माळ चढली. शनिवारी दसरा. घरात पंधरा माणसं, पुण्याहून आलेला चुलतभाऊही. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "चालते का रे ही? की नुसती आरतीसाठी आहे?"

एवढं पुरलं. मी घोषणा केली की यंदाचं सीमोल्लंघन मोटारीतून होईल! गाडी दोन माणसांची, म्हणून एकेकाला बसवून. मामींना, बायकोला, दोन्ही मेहुण्यांना, त्या चुलतभावाला तर दोनदा. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं खिशात, फेटा डोक्यावर, पहिल्या गिअरमध्ये, देवळावरून बाजारापर्यंत आणि परत. रेडिएटरला हवा जाते ती जाळीतून, आणि जाळीवर माळ. ती काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पूजेची माळ गाडीवरून कोण काढतो? सहाव्या खेपेला बॉनेटमधून वाफ आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी अण्णा आले. बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. माझ्याकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं. गरम इंजिनाचे नट आवळत नाहीत, म्हणून पायरीवर बसून राहिले. चार तास. जेवायला बोलावलं तर "झालंय माझं" म्हणाले. अंधार पडताना त्यांनी नट आवळले. मग बायकोकडून नखांचा लाल रंग मागून घेतला आणि तापमानाच्या काट्याच्या काचेवर एक ठिपका दिला.

"आत काय झालंय ते आता देवाला ठाऊक. काटा इथं आला की थांबायचं. तू असो, नाहीतर मी असो."

"शब्द," मी म्हणालो. माझ्याकडे शब्दांना तोटा कधीच नव्हता.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. त्या रविवारी इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्याला तडा गेला. तो सांधायचे दोन प्रयत्न अण्णांनी केले, दोन्ही फसले. धावपट्टी आम्हाला परत मिळाली नाही. पुढे अण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. मामी होत्या तोवर गाडी शेडमध्ये उभी राहिली. नंतर मी ती परगावच्या एका हौशी माणसाला देऊन टाकली. त्याने तिच्यात दुसरंच इंजिन बसवलं म्हणे. अण्णांनी यातलं काहीही कधी माझ्यासमोर काढलं नाही. लोकांना मी हा किस्सा तीस वर्षं सांगतोय, फेट्यापाशी हमखास हशा येतो, आणि मी बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

पण आज पुढे जातो. धावपट्टीवर बायकोही आली होती. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पायात नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात जावयाचं स्कूटरचं हेल्मेट. आमची पाळी आली ती भर दुपारी. "आधी तू," ते म्हणाले. "मामांच्या मागे मान तुझा."

पहिली फेरी मी घाबरत केली. दुसरीत घाबरणं संपलं. ब्रेक दाबावा तिथे गाडी दबत होती, वळवावी तिथे वळत होती. अण्णांनी तिच्यात जे जे घातलं होतं ते सगळं माझ्या हातापायांखाली येत होतं, आणि ती हुशारी माझीच आहे असं मला वाटायला लागलं. दुसरी फेरी संपताना अण्णा कडेला उभे दिसले. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली बांधलेला. मी हात उंचावून एक बोट दाखवलं. अजून एक.

तिसरीतही एक बोट दाखवलं.

चौथ्या फेरीत काटा ठिपक्याला टेकला. मी तो नीट पाहिला. हादऱ्यांनी हलतोय, असं स्वतःला सांगितलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काटा पाहिलाच नाही, असंच सांगत आलोय. पाचव्या फेरीत लांबच्या टोकाला मी चौथा गिअर टाकला, ती ओरडली, आणि मग तो ओरडा मधेच फाटला. पांढरी वाफ माझ्या तोंडावर आली.

अण्णांना ते पाऊण मैलावरून कळलं होतं. मी उतरून मागे पाहिलं तेव्हा ते निघालेले होते, त्या तापलेल्या पट्टीवरून, नव्या बुटांनी. पळत नव्हते. बायको पाण्याची बाटली घेऊन मागून येत होती. ते पोचले. बॉनेट उघडलं नाही. स्क्रूड्रायव्हर काढला नाही. मी माझं भाषण तयार ठेवलं होतं, हातही वर गेला होता. "अण्णा," मी सुरुवात केली, आणि तो हात खाली घेतला.

त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला. हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, उजव्या. बायकोच्या हातातून बाटली घेतली, तोंडाला लावली आणि श्वास न घेता सगळी रिकामी केली. मग बाटली तिला परत देत, माझ्याकडे न बघता, तिलाच म्हणाले,

"सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, अक्का. मधेच लघवीला लागली तर उतरावं लागेल म्हणून."