लेखकाच्या जागी तीन शब्द

यंदा फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, जबलपूरच्या विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात मला सगळ्यांसमोर उभं करून माफी वाचायला लावली. मजकूर सरांनी लिहिला होता. पहिलं वाक्य असं : "माझी पात्रता नसताना मी ही जबाबदारी घेतली."

सर म्हणजे आमचे टीमप्रमुख. मराठीच. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीनिमित्त इथं आलं. हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. माझे बाबा कारखान्यात झाडू मारायचे. हेही तेच सांगतात.

नोकरीच्या आधी मी एक लायब्ररी लिहिली होती. म्हणजे कोडचा तयार तुकडा, कुणीही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावा असा. देवनागरी नावं छापताना जोडाक्षरं फुटू नयेत, एवढंच तिचं काम. नेटवर सगळ्यांना खुली. घ्या, बदला, विका. अट एकच : लेखकाचं नाव काढायचं नाही.

कंपनीच्या दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिची दुसरी आवृत्ती होती. तिची देखभाल थांबणार, तिसरी घ्या, हे मी वर्षभर आधी जाहीर केलं. ऑफिसातही सांगितलं. सर म्हणाले, "चालून राहिलं ना? मग हात नको लावू."

पुढे त्यांनीच पावत्या छापणारी एक नवी लायब्ररी आणली. तिला माझी तिसरी आवृत्ती लागे. बाकीच्या सॉफ्टवेअरला दुसरी. दोन्ही एकत्र बसत नाहीत. संगणकाने तसं लाल अक्षरांत बजावलं. सरांनी मला इशारे बंद करून ती जबरदस्तीने बसवायला लावली. आमच्याकडे हीच पद्धत होती. लाल दिसलं की बंद कर.

ग्राहकाच्या दवाखान्यात पहिल्या पावत्या छापल्या. रुग्णांची नावं फुटली. एका लक्ष्मीबाईंचं नाव तुकड्यांत आलं. डॉक्टर हसले. सरांनी तिथल्या तिथे माझ्याकडे बोट दाखवलं.

सोमवारी कागद माझ्या हातात होता.

"काहून थांबली? वाच ना."

मी वाचलं. शेवटपर्यंत. शेजारची सहकारी पुटपुटली, "हो गया दीदी, बैठ जाओ."

"बसू नको," सर म्हणाले. "अजून आहे."

दुसरी आवृत्ती मी कंपनीसाठी कायम सांभाळायची. आणि पुढच्या आवृत्तीपासून लेखकाच्या जागी फक्त पहिलं नाव ठेवायचं.

"आडनाव काढ. आपले ग्राहक चांगल्या घरचे आहेत. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असं आडनाव दिसलं तर पेशंट आधी आंघोळीला पळतील."

सगळे हसले. ती सहकारीसुद्धा.

बाबांना कारखान्यात नावाने कुणी हाक मारली नाही. आडनावाने मारायचे, शिवी द्यावी तशी. शाळेत हजेरीत माझं आडनाव आलं की मास्तर थांबायचे. बोटं रुमालाला पुसायचे. मग पुढचं नाव. मी खाली बघायचे. त्या सोमवारीही खालीच बघत होते.

"काय पाहून राहिली खाली? हो म्हण."

"नाही."

"काय?"

"नाही, सर. दुसरी आवृत्ती संपली. ती मी सांभाळणार नाही. नाव निघणार नाही. आणि आत्ता वाचलेली माफी मी परत घेते. चूक माझी नव्हती."

कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"अच्छा! तुमच्यात हेच. दोन बुकं शिकले की माजतात. आम्ही ठेवलं म्हणून तू आहे इथं."

या वेळी कुणी हसलं नाही.

दुपारी मला कामावरून काढलं. कारण दिलं उद्धट वर्तनाचं. दारापर्यंत कुणी आलं नाही.

त्याच आठवड्यात मी चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. दुसऱ्या आवृत्तीच्या पानावर लिहिलं : देखभाल संपली. लेखकाच्या जागी आजवर नाव आणि आडनाव होतं. आता तीन शब्द आहेत. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव.

मार्चमध्ये लायब्ररीच्या सार्वजनिक पानावर कंपनीच्या खात्यावरून एक विनंती आली. लेखकाचं फक्त पहिलं नाव ठेवावं, नोकरीचा पुन्हा विचार करू.

दुसरी नोकरी तेव्हा लागली नव्हती. अजून लागलेली नाही.

विनंतीखाली मी लिहिलं : "बदल होणार नाही." आणि ती निकाली काढून बंद केली. ती पुसलेली नाही. कुणालाही वाचता येते.